बिनपंख्याचा कारखाना

हरेशच्या कारखान्यात पंखा नव्हता. मे महिन्यात नायगाव पूर्वेला खाडीवरून येणारी हवासुद्धा अंगाला चिकटते. अशा दिवसांत त्या लांबट पत्र्याच्या शेडमध्ये चौदा बायका घाम पुसत रांगोळीचे रंग मिसळत बसायच्या, आणि वर छताला पंख्यांचे आकडे तेवढे लटकत असायचे. मोठ्या हॉटेलांच्या सजावटीची कामं घेऊन येणारी सुटाबुटातली माणसं पाच मिनिटांत कोट काढायची, दहाव्या मिनिटाला टाय सैल करायची आणि पंधराव्या मिनिटाला हरेश म्हणेल ते कबूल करून बाहेर पळायची. मी त्याला म्हणायचो, "शेठ, तुझी धंद्यातली हुशारी ती एवढीच, हा उकाडा." तो हसायचा, पण तोंड बाजूला वळवून. समोर रांगोळी असो नसो, हरेश समोरच्या माणसाकडे तोंड करून कधी हसला नाही. शिंक आली तर उठून अंगणात जायचा.

बोलायचाही तसाच, ओठ जेमतेम उघडून, थोडक्या श्वासात. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की आधी क्षणभर श्वास रोखायचा. नवख्या माणसाला वाटे, आपल्याला हा किंमत देत नाही. तसं काही नव्हतं. नवव्या वर्षापासून दिवसदिवस जमिनीवर ओणवं होऊन चिमटीतून माणसांचे चेहरे काढले, की मोकळा श्वास सोडायची सवय जाते म्हणे.

मी परब. मूळचा कोकणातला. छत्तीस वर्षं मुंबईतल्या एका छापखान्यात शाईची रंगजुळणी केली आणि निवृत्त झाल्यावर इथल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर येऊन पडलो. खिडकीतून खाली हरेशच्या शेडचे पत्रे दिसत. एकदा त्याच्या रांगोळीची डबी आमच्या हिनं आणली. डबीवरच्या लेबलाचा हिरवा आणि आतला हिरवा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे सांगायला मी खाली उतरलो तो पाच वर्षं त्या शेडमध्येच राहिलो म्हणायला हरकत नाही. लेबलं मी छापून आणायचो. पगार नव्हता, चहा होता, आणि मला 'काका' म्हणणारं एक कुटुंब मिळालं.

आता ती शेड बंद आहे. हरेशची बहीण बेबीताय गेली तेव्हा मी लेकीकडे नागपूरला होतो. परत आलो तर दाराला कुलूप. हरेश पालघरच्या बाजूला कुणा चुलतभावाकडे राहतो असं कळलं. फोन उचलत नाही. गेल्या दिवाळीत शेजारची सून विचारायला आली, "काका, ते 'आयचं लुगडं' कुठे मिळेल का हो? दुसरा कुठलाच हिरवा तसा बसत नाही." मी म्हटलं, बंद झालं ते. ती गेली आणि मी बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. माझे डोळे भरून आले होते, आणि हिनं ते पाहू नये म्हणून मी खिडकीची काच पुसत बसलो.

'आयचं लुगडं' हे एका हिरव्या रंगाचं नाव. हरेशच्या डब्यांवर पोपटी, जांभळा, गुलाबी अशी नावं नसायची. 'भिजलेला पेंढा', 'खाडीचा गाळ', 'सुका बोंबील', 'मिठागर दुपारचं', 'मिठागर संध्याकाळचं' अशी असायची. मी आधी थट्टा केली. म्हटलं, अरे, सुका बोंबील घेऊन कोण लक्ष्मीपूजनाला रांगोळी काढेल? पण लोक काढायचे. गालाच्या हाडाखाली जी पिवळट सावली पडते तिला तोच रंग लागायचा. त्याच्या गावात दारापुढे माणसांचे चेहरे रांगोळीत काढायची जुनी हौस. दिवाळीत शाळेच्या वर्गांतून ते मांडून ठेवतात आणि लांबलांबून लोक बघायला येतात. चेहऱ्यासाठी लागणाऱ्या छटा बाजारात मिळत नव्हत्या. त्या हरेशनं बनवल्या, छोट्या डब्यांत भरल्या आणि विकल्या. मी गेलो तेव्हा त्या डब्या परदेशांत जात होत्या. लग्नांतून, विमानतळांवरून त्याला रांगोळ्या घालायला बोलावणं यायचं. एवढ्या छटा तुला सुचतात कुठून, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सुचत नाय काका. घरात होत्या."

घर म्हणजे मिठागराच्या काठाचं, दोन खणांचं. बाप पावसाळ्यात भातशेती करायचा आणि उरलेले महिने मिठागरावर. आई हरेश चार वर्षांचा असताना गेली. बेबीताय तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे तिनंच घर चालवलं. तिचं लग्न का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही, पण एकदा तीच सहज म्हणाली होती, "स्थल यायचं ते दिवालीनंतर यायचं. दिवालीनंतर मी दमलेली असायची."

बापाचं एक हरेश नेहमी सांगायचा. तो पाचवीत होता. दिवाळीच्या तोंडाशी भात झोडून घरात आलेलं, आणि घरातली एकमेव सपाट, सारवलेली जमीन म्हणजे पुढची खोली. भाताच्या गोणी तिथेच रचायच्या. हरेशनं तिथे रांगोळी आखून ठेवली होती. बाप दारात आला, खांद्यावर गोण. आखलेलं पाहिलं. तसाच वळला आणि गोणी मागच्या गोठ्यात नेऊन टाकल्या. त्या रात्री अवेळी पाऊस आला, गोठा गळला आणि भात भिजलं. वर्षभर त्या घरात कुबट वासाचा भात शिजला. बापानं एकदाही विषय काढला नाही. फक्त जेवताना ताटाकडे बघून म्हणायचा, "चांगला झालाय भात." हरेश सांगायचा, "काका, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो वास अजून माझ्या नाकात हाय." आणि मग 'भिजलेला पेंढा' नावाची डबी हातात फिरवत बसायचा.

दुसरी गोष्ट आईच्या चेहऱ्याची. घरात आईचा एकही फोटो नव्हता. हरेशला आई आठवत नव्हती. सातवीत असताना त्यानं ठरवलं, शाळेच्या प्रदर्शनात आईला काढायचं. आता काढायचं कशावरून? बेबीताय शाळेच्या वर्गातच समोर पाटावर बसली आणि सांगू लागली. नाक माझं घे. डोले तुझे. कपाल बाबांच्या बहिणीसारखं होतं, पन थोडं रुंद. हसली की डावीकडं खली पडायची. तो काढायचा, ती बघायची, "नाय, एवढी गोरी नव्हती," म्हणायची, आणि उठून कालवणाच्या पातेल्यात नवा रंग मिसळून, कपड्यातून गाळून आणून द्यायची. दोन दिवस हे चाललं. प्रदर्शनाच्या सकाळी गावातल्या म्हाताऱ्या बायका आल्या, वाकून बघितलं आणि त्यातल्या एकीनं रांगोळीपुढे डोक्यावरचा पदर सारखा केला. बापानं मात्र बघितलं आणि तो मिठागरावर निघून गेला. चौथ्या दिवशी वर्ग भरायचा होता म्हणून आई पुसली. पुसलेली पूड बेबीतायनं डब्यात भरून घरी आणली.

हे सगळं घडताना दारं बंद असायची, हे मी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. खाडीकाठच्या घराला वारा बारा महिने. चेहऱ्याच्या रांगोळीत पापणीची एक रेघ उडाली तर चार तासांचं काम फुकट. म्हणून हरेश बसला की खिडक्यांत गोणपाटं कोंबायची आणि दार लावून घ्यायचं. दाराची कडी मोडकी होती. बेबीताय दाराला पाठ लावून आत बसायची. अकरा-अकरा तास. कोणी हाक मारली तर आतूनच सांगायची, "काम चालू हाय, मागून ये." बसल्या बसल्या रिकामी कशी राहणार? मांडीवर परात घ्यायची, तिच्यावर मलमलीचं फडकं ताणायचं आणि रांगोळीची पूड हातानं घासून गाळायची. बारीक पिठासारखी, वस्त्रगाळ. दगडाच्या पुडीचा धूर व्हायचा खोलीत. हरेश चित्रावर वाकलेला, श्वास रोखून. तिला कोणी श्वास रोखायला सांगितलेलं नव्हतं.

पुढे धंदा झाला, शेड झाली, दळायला यंत्र आलं, मिसळायला बायका आल्या. वस्त्रगाळ मात्र बेबीतायकडेच राहिलं. कातडीच्या रंगाच्या छटा ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. शेडच्या टोकाला पार्टिशन घालून केलेली एक खोली होती, बिनखिडकीची, तिथे ती दार लावून बसायची. संध्याकाळी बाहेर यायची तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. बायका हसायच्या, "ताय म्हातारी झाली." तीही हसायची. मीही हसलो आहे. मी रंगातला माणूस, छापखान्यात तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पावडरीच्या यंत्राजवळ जायचो नाही, आणि तिथे पाच वर्षं चहाचा कप घेऊन त्या दाराशी उभा राहून गप्पा मारल्या. मला हे दिसलं नाही. ती घरातली होती म्हणून दिसलं नाही, एवढंच म्हणता येईल.

हरेशला भाषणांना बोलवायचे. कॉलेजांत, मंडळांत, उद्योजकांच्या मेळाव्यांत. तुमच्या यशाचं रहस्य काय, असं विचारलं की तो श्वास रोखायचा आणि दाराची गोष्ट सांगायचा. "माझ्या घरात वारा यायचा. माझी ताय दाराला पाठ लावून बसायची. मी जे काय हाय ते त्या बंद दाराच्या आतलं हाय." लोक रुमाल काढायचे. मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा मीही रुमाल काढला. ताय कधी ऐकायला गेली नाही. तिला काम असायचं.

खोकला आधी थंडीतला वाटला. मग बारमाही झाला. ती वाळत चालली. जिना चढताना मधेच उभी राहून भिंतीवरच्या रंगाकडे बघितल्यासारखं करायची. शेवटी हरेश आणि मी तिला वसईत एका दवाखान्यात घेऊन गेलो. काउंटरवर फॉर्म दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून मी भरला. नाव, वय, पत्ता. 'व्यवसाय' या रकान्याशी मी थांबलो आणि विचारलं, "ताय, काय लिहू?"

ती म्हणाली, "मी कुठं काय करतंय? घरीच असतंय."

मी हरेशकडे बघितलं. तो म्हणाला, "लिहा काका, घरकाम."

मी लिहिलं. माझ्या त्या चांगल्या अक्षरात. आत डॉक्टरांनीही विचारलं, "काम काय करता?" आणि तिघांनी मिळून सांगितलं, काही नाही, घरचंच. कोणी खोटं बोललं नाही. भावाला मदत करणं हे काम असतं, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. छातीच्या फोटोत डाग होते, वजन उतरलेलं, खोकला जुना; डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली. ती तिनं आठ महिने इमानानं घेतली. घ्यायची आणि दार लावून गाळायला बसायची. हरेश तिच्यासाठी रोज अंडी आणायचा, दूध आणायचा, स्वतः उकडून द्यायचा. भावानं बहिणीचं करावं तर असं, असं गाव म्हणायचं.

आठ महिन्यांनी ती अधिकच थकली तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फोटो बघितला, मग तायचा हात हातात घेतला आणि नखांच्या कडा बघत विचारलं, "मावशी, हे काय लावलंय? मेंदी?"

"नाय गं. रंग हाय. धुतला तरी जात नाय."

"कसला रंग?"

"रांगोलीचा. वस्त्रगाल करतंय ना मी."

डॉक्टरीण थांबली. "किती वर्षं?"

तायच्या चेहऱ्यावर तेज आलं. कोणी तरी पहिल्यांदा तिच्या कामाचं विचारत होतं. हरेशकडे बोट करून ती म्हणाली, "हा नऊ वर्षांचा व्हता तवापासून."

"आणि खोलीला खिडक्या वगैरे? दार उघडं असायचं ना?"

ताय हसली. खोकला येईपर्यंत हसली. "उघडं कसं ठेवनार बाय? रांगोली उडंल ना."

डॉक्टरिणीनं आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं. फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे. ती निघत नाही. आता आहे तेवढं जपायचं. तिनं विचारलं, "आधीच्या डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं का?" हरेशनं श्वास रोखला आणि तो तसाच धरून ठेवला. मी खाली फरशीकडे बघत होतो. बाकड्यावर बसलेली ताय आमच्याकडे बघून हातानं विचारत होती, काय म्हणतात?

त्यानंतरचा हरेश मी फार थोडा बघितला, कारण बघवत नव्हता. आठवड्याच्या आत शेडच्या भिंती फोडून खिडक्या काढल्या. धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली, ओलं मिसळायची पद्धत आणली, आणि छताच्या आकड्यांना पंखे लागले. चौदाही बायकांच्या छातीचे फोटो काढून आणले. दोघींना सुरुवात होती, त्यांचे उपचार स्वतःच्या अंगावर घेतले. पार्टिशनची ती खोली त्यानं स्वतः पहारीनं पाडली. आणि तायला सांगितलं, उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही.

तिला ते लागलं. मला म्हणाली, "काका, बघा, मना बाजूला टाकली यानं. आता पंखे आले, माझं काय काम?" मी समजावलं, धुळीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी काय खातंय का ती पूड?"

घरी तिला श्वासाचं यंत्र आणलं होतं, नळी नाकाला लावायची. एका दुपारी मी आणि हरेश लेबलांचं बोलत त्याच्या घरी गेलो तर यंत्र सुरू, खुर्ची रिकामी. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. हरेशनं हाक मारली. आतून उत्तर आलं, "काम चालू हाय, मागून ये." त्यानं खांद्यानं धक्का देऊन दार उघडलं. ताय खाली बसलेली, मांडीवर परात, वर मलमलीचं फडकं, आणि बाजूला गालाच्या रंगाचा डबा. ओठ निळे पडलेले. दम लागत असतानाच ती त्याच्यावर चिडून बोलायला लागली, "यंत्राचा माल जाडा येतंय. तुझ्या चित्रात बाईचा गाल खरबरीत दिसतंय, मी फोनवर बघितला. लोक नावं ठेवतील तुला."

हरेशनं तिच्या हातातली परात घेतली, डबा घेतला आणि अंगणात गेला. खाडीवरून वारा सुटला होता. त्यानं डबा उपडा धरला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो. चिमूटभर पूड सांडली तरी मोराच्या पिसानं गोळा करणारा माणूस. सगळा रंग वाऱ्यावर गेला, शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला. आतून ताय ओरडली, "अरे, दोन दिवसांचं काम व्हतं माझं," आणि रडायला लागली. ती रडलेली मी तेवढी एकदाच बघितली. हरेश अंगणातच उभा राहिला. आत जायची त्याला भीती वाटत होती, हे मला पाठीमागून दिसत होतं. त्या दिवसानंतर त्यानं रांगोळी काढली नाही.

पुढल्या महिन्यात विरारच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. सत्कार आणि भाषण. विषय 'माझ्या यशात कुटुंबाचा वाटा'. हरेशनं नाही कळवलं. बेबीतायला कुठून तरी कळलं आणि तिनं हट्ट धरला. "माझ्याबद्दल काय सांगतोस ते मी कवा ऐकलंच नाय. आता तरी मना काम नाय." तिला नाही म्हणायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघणार होतो, तरी गेलो. त्यांच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी यंत्र ठेवलं होतं, म्हणून मी वेगळा गेलो. तायला पहिल्या रांगेत बसवलं. तिनं हिरवी साडी नेसली होती, नाकाला नळी होती, आणि ती मान वळवून वळवून मागचं भरलेलं सभागृह बघत होती.

हरेश उठला. माइक हातात घेऊन त्यानं श्वास रोखला. मग म्हणाला, "मी सगळीकडं सांगतो, माझी ताय दार लावून बसायची. आज पुढचं सांगतो. त्या बंद खोलीत दगडाची धूळ होती. मी खाली वाकून श्वास रोखायचो. ती तीच धूळ छातीत घेत होती. पस्तीस वर्षं. मी तिला एक साधं फडकं तोंडाला बांध म्हटलं नाय. दवाखान्यात विचारलं, काय काम करते, तर मी सांगितलं, काय नाय करत. माझ्या धंद्यानं माझी बहीण मारली. अजून मरायची हाय, समोर बसली हाय. तुम्ही मला घरच्यांचा वाटा विचारता. हा वाटा."

मला वाटलं, आता कोणी तरी उठेल, याला काही तरी विचारेल. कदाचित त्याला तेच हवं होतं. मागच्या रांगेत कोणी तरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं सभागृह उभं राहिलं. बायका डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. सूत्रसंचालक बाई भरल्या आवाजात म्हणाल्या, "अशी त्यागमूर्ती बहीण प्रत्येक भावाला मिळो." हरेश "नाय, नाय, तसं नाय," म्हणत होता, पण माइक त्यांनी त्याच्या हातातून केव्हाच अलगद काढून घेतला होता.

आणि त्यानं खाली बघितलं. पहिल्या रांगेत बेबीताय टाळ्या वाजवत होती. चेहरा उजळलेला. तीन-चार वाजवल्या, दमली, हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले. सगळं सभागृह तिच्यासाठी उभं होतं आणि ती भावासाठी टाळ्या वाजवत होती. हरेशच्या अंगावर कोणी तरी शाल घातली, हातात नारळ दिला. तो खाली तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू आला, तोंड उघडं ठेवून घेतलेल्या श्वासाचा. शाल, नारळ खुर्चीवर तसेच टाकून तो खाली उतरला, तिला हाताला धरून उठवलं आणि बाहेर घेऊन गेला.

संस्थेचा एक कार्यकर्ता शाल आणि नारळ घेऊन धावत मागून आला. मी ते घेतले आणि फाटकापाशी गेलो. हरेशनं तायला मागे बसवून नळी पुन्हा नीट लावली होती आणि तो तिच्या शेजारी बसला होता. काच खाली होती. ताय दम घेत घेत त्याला म्हणत होती, "चांगला बोललास रं. पन माझ्या छातीचं कशाला काढलंस? लोकांना वाईट वाटलं असंल." तो समोर बघत होता. मी हात पुढे केला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं, शालीकडे बघितलं, आणि मान हलवून नको म्हटलं.

तायला ते दिसलं नाही. तिनं सीटवर डोकं टेकवलं, डोळे मिटले आणि विचारलं, "शाल घेतलीस ना रं?"

"घेतली," हरेश म्हणाला.

गाडी निघाली. मी शाल आणि नारळ हातात धरून फाटकात उभा होतो.